एकास बहात्तर

डिसेंबर उजाडला की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत एक लहानसे बांधकाम सुरू होते. कुणी पेंढा आणतो, कुणी बांबूच्या काड्या तासतो, कुणी विहिरीच्या कठड्यावरचे शेवाळ अलगद सोडवून आणतो. आरशाच्या तुकड्याचे तळे होते, लाकडाच्या भुशाची पायवाट होते, आणि चार दिवसांत घराच्या कोपऱ्यात बेथलेहेम उभे राहते. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो या गावी ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, त्याला २०२३ साली आठशे वर्षे पूर्ण झाली. इतकी शतके चालत आलेल्या या कलेत मापाचे बंधन मात्र कुणी पाळलेले दिसत नाही. तळ्यातले बदक मेंढपाळाहून थोर असते, उंट गोठ्याच्या दारातून आत जाऊ शकत नाही, आणि बाळ येशू कित्येकदा पवित्र मरियेच्या निम्म्याने असतो. याचे कुणाला वैषम्य वाटत नाही. गव्हाण मोजावयाची नसते, तिच्यापुढे गुडघे टेकावयाचे असतात.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या आठवड्यात बोईसर येथील एका घरी जाण्याचा योग आला. गृहस्थ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर, मुलगा दहावीत शिकणारा. बाहेरच्या खोलीत गव्हाण मांडून झाली होती, आणि तिच्या लगतच्या फळीवर मुलाने स्वतः जोडून रंगविलेले, वीतभराहून थोडे कमी लांबीचे ‘तेजस’ हे लढाऊ विमान उभे होते. राखाडी रंगाच्या दोन छटा, पंखांवर केशरी, पांढरी व हिरवी वर्तुळे, काचेसारख्या पारदर्शक झाकणाखाली वैमानिकाची खुर्ची. आम्ही त्याचे कौतुक करीत असता आजी जपमाळ आटोपून बाहेर आल्या. त्यांनी विमानाकडे पाहिले, गव्हाणीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “बाळा, काम छान केलंस. पण शांतीच्या राजाच्या दाराशी हे लढाईचं विमान कशाला रे?”

“आजी, ते नुसतं मॉडेल आहे,” मुलगा म्हणाला.

“मग आपला बाळ येशूही नुसता मातीचाच आहे ना?” आजी म्हणाल्या.

यावर कुणाला काही सुचले नाही. चहा आला आणि विषय बदलला. परंतु आजींचा प्रश्न मनातून गेला नाही. लहान प्रतिकृती ही खरोखर ‘नुसती’ असते काय? मोठ्या वस्तूचे पुण्य आणि पाप तिच्याकडे येते काय? या प्रश्नाचे उत्तर तर्कापेक्षा इतिहासात शोधावे असे वाटले. शोधू गेल्यावर पहिलेच पाऊल आपल्या किनाऱ्याच्या जुन्या राज्यकर्त्यांच्या दारात पडले.

अठराव्या शतकाच्या आरंभी वसईपासून डहाणूपर्यंतचा हा किनारा, त्यात माहीम, शिरगाव आणि तारापूरचे किल्ले आलेच, पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतात मोडत होता. १७०६ साली पाचवा जुआंव पोर्तुगालच्या गादीवर आला. त्याच्या दरबारात १७०९ साली ब्राझीलमधील सांतोस येथे जन्मलेल्या एका तरुण धर्मगुरूने अर्ज केला, की आपल्याला हवेतून प्रवास करणारे यंत्र साधले आहे. त्याचे नाव फादर बार्तोलोमेव द गुज्मांव. त्याच्या यंत्राचे म्हणून एक चित्र पुढे युरोपभर फिरले. पक्ष्याच्या आकाराची नौका, तिला शीड, आत बसलेला माणूस असे ते चित्र होते. तसली नौका कधीच उडाली नाही. उडाला तो कागदाचा एक लहानसा फुगा. ८ ऑगस्ट १७०९ रोजी लिस्बनमधील ‘कासा द इंदिया’ या इमारतीत, म्हणजे जेथून हिंदुस्थानाशी चालणाऱ्या व्यापाराचा कारभार पाहिला जाई त्याच वास्तूत, राजासमक्ष त्या फुग्याखाली विस्तव पेटविण्यात आला आणि गरम हवेने तो छतापर्यंत वर चढला. पाहणाऱ्यांमध्ये पोपमहोदयांचे वकील कार्डिनल कोंती होते, जे पुढे १७२१ साली इनोसंट तेरावे या नावाने पोपपदी आले.

फ्रान्समधील माँगोल्फिए बंधूंचा मोठा फुगा माणसांना घेऊन १७८३ साली वर गेला. त्याच्या चौऱ्याहत्तर वर्षे आधीची ही घटना आहे. आकाशाकडे निघालेल्या माणसाचे एक आरंभीचे पाऊल असे प्रतिकृतीचे होते, आणि ते टाकणारा एक धर्मगुरू होता. त्याच पाचव्या जुआंवच्या कारकीर्दीत, १७३९ च्या जानेवारीत, चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला जिंकला. त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर प्रांत संपला. छताला टेकलेला तो कागदी फुगा राजाच्या कोणत्याही किल्ल्याच्या उपयोगी पडला नाही. परंतु किल्ले ओस पडले, आणि त्या फुग्यात दिसलेले तत्त्व मात्र जगात राहिले. गरम हवा वर जाते, हे लहान प्रमाणावर खरे ठरले म्हणूनच मोठ्या प्रमाणावर खरे ठरू शकले.

येथे आपल्या मुंबईची एक कथा आठवते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर वैमानिकाविना विमान उडविले, असे अनेक वर्षे सांगितले जाते. त्यांच्या जिज्ञासेचा आदर करावयास हवा. तथापि त्या विमानाचे मोजमाप नाही, पारखून घेता येईल असा आराखडा नाही, अवशेषही नाही. अशा प्राचीन विमानविद्येचे म्हणून जे ‘वैमानिक शास्त्र’ पुढे आले, त्यातील विमानांचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली कसोशीने विचार केला आणि ती उडू शकणार नाहीत असा निर्वाळा दिला. मापाशिवायची गोष्ट कितीही अभिमानाची असली, तरी ती गोष्टच राहते. प्रतिकृतीचा पहिला धर्म मापाशी इमान राखणे हा होय.

बोईसरच्या त्या मुलाचे तेजस ज्या मापाचे होते, त्याला ‘एकास बहात्तर’ म्हणतात. खऱ्या विमानाचे बहात्तर भाग केले तर त्यातील एक भाग प्रतिकृतीची लांबी. हे माप इंग्रजांच्या फूट-इंचांतून आले. सहा फुटांचे बहात्तर इंच होतात, म्हणून सहा फूट उंचीचा माणूस या मापात बरोबर एक इंचाचा होतो. १९३६ साली इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग’ या नावाने खेळण्यातील विमाने करणाऱ्यांनी या मापाचे जोडणीसंच बाजारात आणले. ती विमाने उडणारी नव्हती, केवळ मांडून ठेवण्याची होती, म्हणून त्यांना ‘पेंग्विन’ असे न उडणाऱ्या पक्ष्याचे मिस्कील नाव देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिक स्वस्त झाले, तेव्हा ‘एअरफिक्स’सारख्या कंपन्यांनी हे संच जगभरच्या मुलांच्या हाती पोहोचविले.

त्यापूर्वी मात्र या मापाला युद्धाने कामाला लावले. १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांना आवाहन केले, की पन्नास प्रकारच्या विमानांच्या प्रत्येकी दहा हजार, म्हणजे एकूण पाच लाख लाकडी प्रतिकृती आम्हांला करून द्या. माप ठरलेले होते, एकास बहात्तर. रंगही ठरलेला होता, काळा. मुले लाकूड तासत, कागदी साचे लावून प्रत्येक वळण पडताळून पाहत आणि मापात न बसलेले विमान नाकारले जाई. हा खेळ नव्हता. तोफेवर बसलेल्या सैनिकाला आकाशात दिसते ती केवळ एक काळी आकृती. ती आपल्या विमानाची की शत्रूच्या, हे त्याने क्षणार्धात ठरवावयाचे असते. पस्तीस फुटांवर धरलेली एकास बहात्तर मापाची प्रतिकृती डोळ्यांना तेवढीच दिसते, जेवढे खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून दिसते. मुलांनी केलेल्या या विमानांवर सैनिकांचे डोळे तयार होत. पंखाचे वळण तासताना मुलाचा हात चुकला, तर त्या चुकीवर शिकलेला तोफखानी आपल्याच माणसावर गोळी झाडण्याची भीती होती.

याच कारणासाठी त्या काळी पूर्वेकडील आघाडीवर लढणाऱ्या भारतीय हवाई दलाच्या विमानांवरील खुणाही बदलल्या. ब्रिटिश पद्धतीच्या खुणेतील मधला लाल ठिपका जपानी विमानांवरील लाल गोलाशी गल्लत करणारा होता, म्हणून तो पुसण्यात आला. स्वातंत्र्यानंतर काही काळ विमानांवर अशोकचक्र होते, आणि प्रजासत्ताकापासून, म्हणजे १९५० पासून, आजची तिरंगी वर्तुळे आली. बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे. बोईसरच्या मुलाने चिमट्याने चिकटविलेल्या त्या इवल्या वर्तुळांमागे आपला माणूस आणि परका माणूस ओळखण्याचा हा सारा इतिहास आहे. १९४२ च्याच ऑगस्टच्या १४ तारखेला पालघरात ‘छोडो भारत’च्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आपण येता-जाता पाहतो. गोळी झाडणाऱ्याने समोरचा कोण आहे हे ओळखणे किती महत्त्वाचे असते, हे पालघरकरांना परदेशाच्या इतिहासातून शिकावयास नको.

स्वतंत्र भारताने स्वतःचे लढाऊ जेट विमान करावयाचे ठरविले तेव्हाही आरंभ प्रतिकृतीनेच झाला, मात्र ही प्रतिकृती खऱ्या विमानाएवढी होती. जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक १९५६ साली आपल्या सहकाऱ्यांसह बंगळूरला आले आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये ‘एचएफ-२४’ या विमानाचे काम सुरू झाले. पुढे त्याचे नाव ‘मारुत’ ठेवण्यात आले. अशा वेगवान विमानाचा अभ्यास करण्यासाठी लागणारी साधनसामग्री त्या काळी देशात तोकडी होती. तेव्हा अभियंत्यांनी मारुतच्याच आकाराचे, इंजिन नसलेले, दोन आसनांचे लाकडी ग्लायडर तयार केले. उघडझाप करणारी चाके, हलणारे पडदे, वेग आवरण्याच्या झडपा, सारे काही त्यात होते. १९५९ मध्ये डकोटा विमानाला दोराने बांधून ते आकाशात नेण्यात येऊ लागले. वर गेल्यावर दोर सोडावयाचा, आणि लाकडी मारुतने आपल्या पंखांवर तरंगत खाली उतरावयाचे. अशी अठ्ठ्याहत्तर उड्डाणे झाली. शेवटी उतरताना पुढचे चाक बाहेर आले नाही, आणि ग्लायडर मोडले. परंतु तोवर त्याने शिकवावयाचे ते शिकविले होते.

१७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खरे मारुत उडविले. आशियात जपान आणि सोव्हिएत रशिया वगळता लढाऊ जेटचा आराखडा देशातच आखून ते उडविणारा आपला पहिला देश होता. मारुतचा सांगाडा उत्तम होता, परंतु त्याला साजेसे बलवान इंजिन कधीच मिळाले नाही. लाकडाच्या प्रतिकृतीने आकाराची परीक्षा घेतली, शक्तीची परीक्षा ती घेऊ शकत नव्हती. १० जानेवारी १९७० रोजी मारुतच्याच एका सुधारित नमुन्याची चाचणी घेताना अपघात होऊन सुरंजन दास मृत्युमुखी पडले. १९७१ च्या युद्धात मारुत पश्चिम आघाडीवर लढले आणि १९९० पर्यंत सेवेत राहिले. मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक मारुत मांडलेले आहे. पालघर-बोईसरच्या शाळांच्या सहली तेथे जातात, मुले त्याच्या सावलीत डबे उघडतात. शिक्षकांनी त्या वेळी लाकडी ग्लायडरची आणि सुरंजन दासांची हकिकत सांगितली, तर डब्यातील पोळीबरोबर मुलांच्या पदरात आणखीही काही पडेल.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर लढाऊ विमानांचे घर म्हणजे नाशिकजवळील ओझर. १९६४ साली तेथे मिग विमानांसाठी कारखाना स्थापन झाला. मिग-२१, मिग-२७ आणि पुढे सुखोई-३० एमकेआय ही विमाने ओझरच्या कामगारांनी जोडली. सहा दशकांहून अधिक काळ हवाई दलात राहिलेल्या मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निरोप देण्यात आला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरला जोडलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले. २००१ च्या ४ जानेवारीला ज्याच्या पहिल्या नमुन्याने बंगळूरहून उड्डाण केले होते, त्या विमानाचा हा मराठी मुलखातील जन्म होता. परंतु अवघ्या पस्तीस दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, दुबईच्या प्रदर्शनात कसरती दाखविताना एक तेजस कोसळले आणि त्यातील भारतीय वैमानिकाचा मृत्यू झाला. आनंद आणि शोक यांच्यातील अंतर या क्षेत्रात किती थोडे असते, याचा प्रत्यय त्या पस्तीस दिवसांत आला.

पालघर जिल्ह्याचे नावही एकदा विमानाशी जोडले गेले. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी नागरी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडण्यात आले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात विमाननिर्मितीसाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार झाला. गच्चीवर घरच्यांच्या साथीने विमान जोडणारा माणूस, आणि बोईसरच्या खोलीत फळीवर तेजस जोडणारा मुलगा, हे एकाच जातकुळीचे आहेत. एकाच्या हातून ते माणसे वाहून नेण्यासाठी होते, दुसऱ्याच्या हातून केवळ पाहण्यासाठी, एवढाच फरक.

आता त्या मुलाच्या टेबलाकडे वळू. खरे तेजस १३.२ मीटर लांब आणि ८.२ मीटर रुंद. एकास बहात्तरच्या मापात ते १८.३ सेंटीमीटर लांब आणि ११.४ सेंटीमीटर रुंद होते. प्लास्टिकच्या चौकटीला लगडलेले भाग ओढून तोडावयाचे नसतात, कटरने कापावयाचे असतात. मुलाने ते कापून घेतले, आणि वडिलांनी कारखान्यात शिकलेली कानस धरण्याची रीत त्याला दाखविली. पहिले काम बैठकीचे, कारण झाकण बसल्यावर ब्रश आत पोहोचत नाही. म्हणजे विमान करावयास घेतले की पहिल्याने माणसाची जागा करावी लागते. मग दोन अर्धुके जोडावयाची. येथील चिकटद्रव्य दोन भागांना केवळ चिकटवत नाही, ते प्लास्टिक किंचित वितळवून एकजीव करते, म्हणून थेंब जास्त पडला तर दुरुस्ती नाही. नाकात शिशाचे दोन-तीन छर्रे भरले, अन्यथा तीन चाकांचे हे विमान शेपटीवर बसते. फटींत लांबी भरली, वाळल्यावर पाण्यात भिजविलेल्या पॉलिश पेपरने घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली.

रंगाचे काम याहून कठीण. एक मिलिमीटरची चूक या मापात सात सेंटीमीटरांहून मोठी होते, आणि कागदाइतका जाड रंग दिला तर खऱ्या विमानावर जणू बोटभर जाडीचा गिलावा केल्यासारखे दिसते. म्हणून प्रथम अस्तराचा पातळ हात, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळू द्यावयाचा. त्यात आणखी एक गंमत आहे. खऱ्या विमानाचा राखाडी रंग जसाच्या तसा लहान प्रतिकृतीला दिला तर तो गडद भासतो, कारण दूरच्या वस्तूवर आपल्या आणि तिच्या मधल्या हवेची फिकट झाक चढलेली असते. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो. दुरून पाहणाऱ्याला खरे वाटावे म्हणून जवळच्याने रंग सौम्य करावयाचा, हा धडा केवळ विमानांपुरता नाही. शेवटी चकाकीचा हात, त्यावर पाण्यात सोडवलेली तिरंगी वर्तुळे, आणि सर्वांवर चकाकी मारणारा निस्तेज हात. मुलाला या कामास अडीच महिने लागले. आजीच त्याच्यासाठी रात्री दिवा चालू ठेवीत.

मग आजींच्या प्रश्नाचे काय?

तो प्रश्न सोपा करून उडवून लावू नये. यशया संदेष्ट्याने तलवारींचे नांगराचे फाळ होण्याचे स्वप्न पाहिले आणि आपण आगमनकाळात ते वाचतो. लढाऊ विमान ही आजची तलवार आहे. ती सुंदर आहे, आणि तिचे सौंदर्य मुलांना भुरळ घालते, हेच आजींना बोचले. तारापूर परिसरातील माणसाला तर एकाच विद्येची दोन तोंडे जवळून माहीत आहेत. आपल्या किनाऱ्यावर १९६९ साली देशाचे पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, त्याने घरोघरी दिवे लावले. १९७४ साली पोखरणला अणुस्फोटाची चाचणी झाली आणि त्या विद्येचे दुसरे तोंड दिसले. त्यानंतर तारापूरच्या इंधनपुरवठ्यावरून अमेरिकेशी जो वाद पेटला, तो १९८२ साली फ्रान्सने इंधन देण्याचे मान्य करीपर्यंत चालला. दिवा आणि स्फोट एकाच अणूत असतात. हातात घेणारा कोण, हा प्रश्न उरतो.

ख्रिस्तसभेनेही या प्रश्नाकडे पाठ फिरविलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगासंबंधीच्या आपल्या घटनापत्रात संपूर्ण शहरांचा सरसकट संहार करणाऱ्या युद्धकृत्यांचा कठोर शब्दांत निषेध केला. त्याच घटनापत्रात, देशाच्या सेवेसाठी सैन्यात गेलेल्यांनी आपले कर्तव्य नीट पार पाडले तर ते लोकांच्या सुरक्षिततेचे आणि शांतीचे सेवक ठरतात, असेही मानले आहे. एका हाताने युद्धाला नकार आणि दुसऱ्या हाताने सैनिकाला आधार, ही भूमिका पोप बेनेडिक्ट पंधरावे यांच्या चरित्रात अधिक स्पष्ट दिसते. पहिल्या महायुद्धात विमान प्रथमच मोठ्या प्रमाणावर माणसे मारण्याच्या कामी आले. १ ऑगस्ट १९१७ रोजी या पोपमहोदयांनी सर्व युद्धमान राष्ट्रांना शस्त्रे खाली ठेवण्याची कळकळीची विनंती केली. कुणी ऐकले नाही. युद्ध संपल्यावर, २४ मार्च १९२० रोजी, त्याच पोपमहोदयांनी लोरेतोच्या पवित्र मरियेला वैमानिकांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. नाझरेथचे पवित्र कुटुंबाचे घर देवदूतांनी आकाशमार्गे लोरेतोला आणले, अशी परंपरा आहे, म्हणून ही निवड.

या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की आजींच्या प्रश्नाचे उत्तर हाती लागते असे वाटते. ज्यांनी युद्ध थांबवा म्हणून हात जोडले, त्यांनीच वैमानिकांना आईच्या पदराखाली दिले. त्यांनी यंत्राला आश्रयदाती दिली नाही, यंत्रात बसलेल्या माणसाला दिली. लोरेतोचे ते घरही माणसे राहण्याएवढेच लहान आहे.

प्रतिकृतीचे खरे मोल येथे आहे. विमान आकाशातून गेले की आपल्याला गडगडाट ऐकू येतो आणि एक चांदीची रेघ दिसते. त्यात माणूस आहे हे जाणवत नाही. टेबलावर ते वीतभर होते तेव्हा प्रथमच कळते, की एवढ्या सगळ्या पोलादाच्या आणि वेगाच्या मध्यभागी एकच खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीत बसणारा या मापात केवळ सव्वादोन सेंटीमीटरांचा आहे. सुरंजन दास एवढेच होते. दुबईत गेलेला वैमानिक एवढाच होता. समोरच्या देशाच्या विमानात बसलेलाही एवढाच असतो. जी प्रतिकृती हे दाखविते ती नुसते खेळणे नाही, आणि जी हे विसरायला लावते ती, कितीही सुबक रंगविलेली असो, आजींच्या आक्षेपास पात्र आहे.

म्हणून पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलांनी विमाने जोडावीत. त्यांच्या हातांना माप, सबुरी आणि चूक कबूल करण्याची सवय त्यातून लागते, आणि ती पडद्यावरच्या खेळांतील गोळीबारातून लागत नाही. मात्र ज्या विमानाची प्रतिकृती केली, ते कुणी उभारले, कुणी उडविले आणि त्यापायी कोण गेले, हेही मुलाने शोधून काढावे. लोरेतोच्या मरियेचा सण १० डिसेंबरला येतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली तो जागतिक ख्रिस्तसभेच्या पंचांगात समाविष्ट केला. आपल्या घरांत गव्हाणीची जुळवाजुळव सुरू होते तेच हे दिवस. त्या संध्याकाळी जपमाळेत आकाशात असलेल्या सर्वांसाठी, गणवेश कोणत्याही देशाचा असो, एक दशक वाहावे.

बोईसरच्या त्या घरी पुढच्या नाताळात पुन्हा जाणे झाले. गव्हाण तीच, बदक तसेच मेंढपाळाहून मोठे. तेजस फळीवर होते, पण गव्हाणीच्या दारापासून दूर, खिडकीपाशी. मुलाने झाकण अलगद काढून आत एक बारीकसा वैमानिक बसविला होता. त्याचा चेहरा रंगविण्यासाठी ब्रशचा एकच केस लागला, असे तो म्हणाला. आजींनी चष्मा पुसून आत पाहिले. “आता दिसला,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि दोन्ही बोटांनी झाकण पुन्हा जागेवर बसविले.